क्रँक सेन्सरचा दोष आणि उद्यमनगरातील एका गॅरेजचे काम : एक अभिप्राय

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाडीच्या इलेक्ट्रिकल आणि ईसीएमच्या (इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाच्या) कामांचे एक छोटे गॅरेज आहे. लेथ आणि मिलिंगच्या शेडांच्या रांगेत ते आहे, दारावर पाटी नाही, आणि हातात आहेत त्यापेक्षा अधिक गाड्या घ्यायच्या नाहीत असे मालकांचे धोरण असल्यामुळे त्यांच्या इच्छेला मान देऊन नाव इथे दिलेले नाही. उद्यमनगरातल्या कोणत्याही जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात ‘स्कोपवाले गॅरेज’ असे विचारल्यास पत्ता मिळतो. स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप, विजेच्या सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारे यंत्र. माझ्या गाडीच्या क्रँक सेन्सरचा दोष त्यांनी ज्या पद्धतीने शोधला आणि दुरुस्त केला, ती पद्धत मला इतकी मोलाची वाटली की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. दोष कुठे आहे हे मोजून सिद्ध केल्याशिवाय तिथे एकही पार्ट बदलला जात नाही, आणि त्या शोधण्याच्या कामाचे पैसे वेगळे आणि उघडपणे घेतले जातात. माझ्या मते या सेवेचे सगळे मर्म यातच आहे.

गाडी पेट्रोलवरची, चार सिलिंडरची, बीएस-४ काळातली हॅचबॅक आहे. आंबा घाट चढताना, विशेषतः एसी चालू असताना आणि गाडीत माणसे भरलेली असताना, इंजिन कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडत असे. त्यानंतर सेल्फ मारल्यावर स्टार्टर नेहमीच्या जोमाने फिरायचा, पण इंजिन पकडत नसे. बॉनेट उघडून अर्धा तास थांबले की गाडी काही झालेच नाही अशा थाटात सुरू व्हायची. चेक लाइट कधी लागायचा, कधी नाही. हा दोष निव्वळ त्रासदायक नाही, धोकादायक आहे. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम एक-दोनदा पेडल दाबले की संपतो, त्यानंतर ब्रेक दगडासारखा कठीण होतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. घाटातल्या वळणावर मागे एसटी किंवा मालट्रक असताना हे घडणे म्हणजे काय, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

क्रँक सेन्सरचे काम थोडक्यात असे. इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, कुठे पुलीच्या बाजूला तर कुठे फ्लायव्हीलच्या (गिअरबॉक्सकडच्या जड चाकाच्या) बाजूला, दात पाडलेली एक चकती बसवलेली असते. अनेक गाड्यांत या चकतीवर ६० दातांची जागा असते आणि त्यांतले २ दात मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे प्रत्यक्षात ५८ दात आणि एक मोकळी जागा. जपमाळेत मेरुमणी लागला की फेरी पूर्ण झाल्याचे बोटांना कळते, तसे ही मोकळी जागा समोरून गेली की क्रँकशाफ्ट नेमका कोणत्या कोनात आहे हे ईसीएमला कळते. दोन शेजारच्या दातांत ६ अंशांचे अंतर असते. ठिणगी केव्हा टाकायची आणि इंजेक्टर केव्हा उघडायचा हे ईसीएम याच गणतीवरून ठरवतो. हा सिग्नल तुटला की ईसीएमच्या दृष्टीने इंजिन फिरतच नसते, त्यामुळे तो ठिणगी आणि इंजेक्टर दोन्ही थांबवतो आणि पेट्रोल पंपाचा रिलेही काही क्षणांत बंद करतो. कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, सेन्सर बिघडला तर काही इंजिने कशीबशी चालू राहतात. क्रँकचा सिग्नल गेल्यावर मात्र बहुतेक गाड्या जागच्या जागी थांबतात.

पंप थांबतो ही बाब लक्षात न घेतल्यामुळे निदान चुकीच्या वाटेला लागते. या गॅरेजकडे जाण्याआधी गाडी दोन ठिकाणी दाखवली होती. पहिल्या ठिकाणी बंद पडलेल्या गाडीत पंपाचा आवाज येत नाही म्हणून पंप आणि फिल्टर बदलण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावल्यावर ईसीएमने नोंदवलेला पी०३३५ हा दोषाचा कोड मिळाला, म्हणून बाजारातला स्वस्त क्रँक सेन्सर आणून बसवला गेला. काही आठवडे गाडी ठीक चालली आणि नंतर तोच प्रकार पुन्हा सुरू झाला, तेव्हा आता दात असलेली चकतीच खराब असणार, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असा अंदाज सांगण्यात आला. माझ्या गाडीत ही चकती फ्लायव्हीलच्या बाजूला असल्यामुळे तो खर्च मोठा होता, आणि त्या अंदाजाला आधार म्हणून एकही मोजमाप दाखवले गेले नव्हते.

पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या संपूर्ण सर्किटबद्दल बोलतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, त्याला वायरीशी जोडणारा कपलर आहे, त्याच्या पिना आहेत, ईसीएमपर्यंत जाणारी वायर आहे, ईसीएमची स्वतःची पिन आहे आणि दात असलेली चकतीही आहे. याच कुटुंबातला पी०३३६ सिग्नल अनियमित असल्याचे सांगतो, पी०३३९ तो मधूनमधून तुटत असल्याचे सांगतो, आणि पी००१६ हा क्रँक आणि कॅम यांचा परस्परमेळ बिघडल्याचे सांगतो, ज्याचे कारण पुष्कळदा या दोघांना जोडणारी, ताणलेली टायमिंग चेन असते. यांपैकी कोणताही कोड अमुक पार्ट बदला असे सांगत नाही. तपास कोणत्या दिशेने सुरू करायचा एवढेच त्यातून ठरते, आणि खरे काम त्यानंतरचे असते. उद्यमनगरातल्या या गॅरेजमध्ये ते काम प्रत्यक्ष होताना पाहायला मिळाले.

गाडी घेऊन गेल्यावर त्यांनी बॉनेट उघडण्याआधी बराच वेळ प्रश्न विचारले. गाडी गरम असतानाच बंद पडते का, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात फरक जाणवतो का, बंद पडताना आधी झटके येतात की एकदम गप्प होते, आणि त्या क्षणी टॅकोमीटरचा (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरचा) काटा काय करतो. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा होता. गाडी गिअरमध्ये पुढे सरकत असताना इंजिन चाकांच्या ओढीने फिरतच असते. पेट्रोल तुटले असेल तर काटा इंजिनाच्या गतीबरोबर सावकाश खाली येतो. पण इंजिन फिरत असूनही काटा एकदम शून्यावर पडला, तर बहुतेक वेळा क्रँकचा सिग्नलच गेलेला असतो. माझ्या गाडीत काटा शून्यावर पडत असे. ही खूण मी आधीच्या दोन्ही ठिकाणी सांगितली होती, परंतु तिची दखल घेतली गेली नव्हती.

त्यांनी स्कॅनर लावून कोड वाचला, पण तो पुसला नाही. कोडबरोबर ईसीएमने साठवलेली त्या क्षणाची नोंद, म्हणजे कूलंटचे तापमान, वेग, इंजिनावरचा भार, त्यांनी आधी कागदावर उतरवून घेतली. ही नोंद कोड पुसल्यावर नाहीशी होते, आणि अनेक ठिकाणी तपास सुरू करायच्या आधीच कोड पुसला जातो. नोंदीत इंजिन पूर्ण तापलेले आणि भार जास्त असल्याचे दिसले. त्यावर हेडमिस्त्रींनी सांगितले, “गाडी इथं आमच्यासमोर बंद पडूदे, मग बोलू.” थंड गाडीवर केलेल्या मोजमापाला ते निकाल मानत नाहीत. ही शिस्त मला सर्वात महत्त्वाची वाटली, कारण तापल्यावर उद्भवणारा दोष थंड इंजिनावर तपासला की सर्व काही ठीक असल्याचा खोटा दाखला मिळतो.

एसी चालू ठेवून आणि इंजिनाची गती वाढवून गाडी शेडमध्येच तापवण्यात आली. दरम्यान सेन्सरच्या वायरीवर मागच्या बाजूने बारीक पिन लावून ऑसिलोस्कोप जोडला गेला. पडद्यावर वरखाली जाणाऱ्या लहरींची सलग रांग आणि ठरावीक अंतराने येणारी मोकळी जागा स्पष्ट दिसत होती. ६० जागांच्या चकतीत एक सोयीचा योग असा की सेकंदाला जितक्या दातांच्या जागा समोरून जातात, तितकाच आकडा इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा असतो. ८०० आरपीएमला ८०० हर्ट्झ, ३००० ला ३००० हर्ट्झ. त्यामुळे स्कोपवरचा आकडा आणि टॅकोमीटर यांचा मेळ डोळ्यांनीच तपासता येतो. चकतीचा एखादा दात तुटलेला किंवा वाकलेला असता, तर प्रत्येक फेरीत त्याच ठिकाणी एक लहर ठेंगणी किंवा सरकलेली दिसली असती. इथे सर्व लहरी एकसारख्या उंचीच्या होत्या. गिअरबॉक्स उतरवण्याचा प्रश्न तिथेच निकालात निघाला, तोही गाडीखाली न जाता. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांच्या तपासणीचे शुल्क आनंदाने दिले असते.

गाडी अखेर त्यांच्यासमोर बंद पडली तेव्हा पडद्यावरची रेघ सपाट झाली. सेल्फ मारून पाहिल्यावरही सिग्नल नव्हता, आणि स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसत होते, जे सेल्फवर साधारण २०० ते २५० दिसायला हवे. इथून पुढे त्यांनी जे केले ते अत्यंत पद्धतशीर होते. बॅटरीची केबल काढून, ईसीएमचा कपलर सोडवून, त्या टोकाकडून सेन्सरचा रेझिस्टन्स मोजला. सर्किट उघडे होते, म्हणजे विजेची वाट कुठेतरी तुटलेली होती. मग सेन्सरचा कपलर काढून थेट सेन्सरवर मोजला, तिथेही उघडे. याचा अर्थ सेन्सरच्या आतली कॉइल तापल्यावर तुटत होती. या प्रकारच्या दोन वायरींच्या सेन्सरमध्ये चुंबकाभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्या तारेला किंवा तिच्या सोल्डरला तडा असेल, तर थंडीत दोन टोके टेकलेली राहतात आणि तापून सभोवतालचे प्लॅस्टिक प्रसरण पावले की ती अलग होतात. अर्ध्या तासाने गाडी आपोआप सुरू होण्याचे कारण हेच.

सेन्सर काढून टेबलावर घेतल्यावर थंड अवस्थेत तो साडेआठशे ओहमच्या आसपास, म्हणजे निर्दोष वाटावा असा आकडा दाखवत होता. हॉट एअर गनने सावकाश तापवल्यावर आकडा आधी हळूहळू वाढला, जे तांब्याच्या तारेत स्वाभाविक आहे, आणि मग एकाएकी मीटरने उघडे सर्किट दाखवले. हे त्यांनी मला जवळ बोलावून, दोनदा करून दाखवले. ग्राहकाला पुरावा दाखवण्याची ही तयारी मला फार आदराची वाटते.

बहुतेक ठिकाणी तपास इथे संपला असता. त्यांनी मात्र जुना सेन्सर थंड असताना परत कपलरला जोडला आणि ईसीएमच्या टोकाकडून रेझिस्टन्स पुन्हा मोजत कपलर हलका हलवून पाहिला. आकडा साडेआठशेवरून एकदम काही हजारांवर जाऊन परत येत होता. कपलरमधली एक मादी पिन पसरून सैल झाली होती. आधी कोणीतरी मल्टिमीटरचे जाड टोक तिच्यात समोरून खुपसले असावे, असे पिनेच्या वाकलेल्या पाकळीवरून दिसत होते. शिवाय कपलरचे रबरी सील फाटलेले होते आणि पिनेवर हिरवट थर चढू लागला होता. म्हणजे एकाच कोडच्या मागे दोन स्वतंत्र दोष होते. नुसता नवा सेन्सर बसवला असता, तर पुढच्या पावसाळ्यात गाडी पुन्हा तशीच बंद पडली असती आणि नव्या सेन्सरला दोष दिला गेला असता.

दुरुस्तीतही तीच काळजी दिसली. संपूर्ण वायरिंग बदलण्याची गरज नसल्याचे त्यांनी स्वतःहून सांगितले. कपलरच्या दोन्ही पिना आणि सील नवे घातले. पिना बदलताना कोणती वायर कोणत्या जागी होती याची खूण आधी करून घेतली, कारण या सेन्सरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर लहर उलटी होते, ईसीएम दाताची चुकीची कड मोजतो आणि इंजिन सुरू होत नाही किंवा त्याचे टायमिंग बिघडते. सिग्नलच्या वायरीभोवतीचे जाळीदार आवरण एकाच टोकाला अर्थ केलेले असावे लागते. तेही त्यांनी तपासले. सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाणारी वायर मूळ क्लिपा तुटल्यामुळे खाली लोंबत होती, ती नव्या क्लिपांनी आणि उष्णतारोधक नळीने जागेवर बांधली.

सेन्सरबद्दल त्यांचा आग्रह कंपनीच्या किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या मूळ उत्पादकाच्या पार्टचा होता, आणि त्याचे कारण त्यांनी स्कोपवर दाखवले. काढलेल्या स्वस्त सेन्सरची लहर सेल्फच्या संथ गतीला नव्या सेन्सरच्या लहरीच्या निम्म्याहूनही कमी उंचीची होती. दोन वायरींच्या सेन्सरचा व्होल्टेज इंजिनाच्या गतीबरोबर वाढतो, त्यामुळे सर्वात कठीण क्षण सेल्फ मारतानाचा असतो, आणि बॅटरी थोडी उतरलेली असेल तर कमकुवत सेन्सर तिथेच मार खातो. बसवण्यापूर्वी सेन्सरची बैठक साफ करून, ओ-रिंगला किंचित तेल लावून, बोल्ट टॉर्क रेंचने आवळला. सेन्सर आणि दात यांच्यातली फट एखाद-दीड मिलिमीटरच्या आतच असावी लागते, म्हणून बैठकीवरचा मळ किंवा वाकडा बसलेला सेन्सर हेही सिग्नल बिघडवायला पुरेसे ठरतात.

काम झाल्यावर स्कॅनरने कोड पुसला आणि गाडी पन्हाळ्याच्या चढावर नेली. एसी चालू, लॅपटॉप जोडलेला, आणि आरपीएमची रेघ सतत नोंदवली जात होती. वर जाऊन, इंजिन बंद करून, तापलेल्या अवस्थेतच पुन्हा सेल्फ मारून पाहिला. इंजिनाने लगेच पकडले. काही गाड्यांत क्रँक सेन्सर बदलल्यावर स्कॅनरने नव्याने शिकवण्याची प्रक्रिया करावी लागते, नाहीतर मिसफायरची (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याची) नोंद नीट होत नाही. माझ्या गाडीला ती लागत नसल्याचे त्यांनी तपासून सांगितले. त्यानंतर गाडी आंबा घाटातून रत्नागिरीला जाऊन आली आहे, साखरप्याकडून वर येताना गर्दीत रांगेत उभी राहिली आहे, आणि काटा एकदाही पडलेला नाही.

खर्चाचे सांगायचे तर तपासणीचे शुल्क, पिना आणि सील, वायर बांधण्याची मजुरी आणि दर्जेदार सेन्सर हे सगळे मिळून, आधी विनाकारण बदललेल्या पंपाच्या किमतीपेक्षा कमी पडले. तपासणीचे शुल्क दोष सापडो वा न सापडो द्यावे लागते, हे आधीच स्पष्ट सांगितले जाते. काही ग्राहकांना ते खटकते. मला ते योग्य वाटते, कारण शोधण्याचे पैसे वेगळे मिळत असल्यामुळे पार्ट विकण्याची घाई त्यांना करावी लागत नाही.

उणिवाही लिहायला हव्यात. गाडी ठेवून जावी लागते आणि ती केव्हा मिळेल हे आधी निश्चित सांगितले जात नाही, कारण तापवणे, थंड करणे आणि पुन्हा तापवणे यात वेळ जातोच. फोन उचलला जात नाही, त्यामुळे चौकशीसाठी प्रत्यक्ष जावे लागते. बसायला जागा नाही. स्कोप हाताळणारे हेडमिस्त्री एकटेच आहेत, आणि ते नसतील त्या दिवशी तपास पुढे सरकत नाही. बिल मागितल्यावर पक्के मिळाले, पण त्यावर मोजमापांची नोंद नव्हती. स्कोपच्या पडद्याची छायाचित्रे आणि रेझिस्टन्सचे आकडे मी मागून घेतले. ते त्यांनी न मागता द्यायला हवेत, कारण त्यांच्या कामाची खरी किंमत त्या आकड्यांतच आहे. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) आणि चावी प्रोग्रॅमिंगचे काम इथे होत नाही. गाडी सुरू होत नसताना मीटरवर चावीचे चिन्ह लुकलुकत असेल, तर दोष त्या बाजूचा असण्याची शक्यता मोठी, आणि अशा वेळी दुसरीकडे जाणे सोयीचे ठरेल.

ज्यांची गाडी नवी आहे त्यांच्यासाठी एक माहिती. अनेक नव्या गाड्यांत तीन वायरींचा हॉल प्रकारचा क्रँक सेन्सर असतो. त्याला ईसीएमकडून वीजपुरवठा लागतो, तो चौकोनी लहर देतो, आणि त्याचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजून काहीही कळत नाही, उलट मोजताना आतील सर्किटला इजा होऊ शकते. अशा गाडीवर कोणी ओहमचा आकडा पाहून सेन्सर चांगला किंवा वाईट ठरवत असेल, तर तिथे थांबू नये. या गॅरेजमध्ये माझ्या शेजारीच अशी एक गाडी होती, आणि तिच्यावर आधी पुरवठ्याचा व्होल्टेज, मग अर्थ, मग सिग्नल अशाच क्रमाने तपास चालू होता.

तिथे जाताना आधी बदललेले जुने पार्ट आणि त्यांची बिले बरोबर न्यावीत, कोड कोणाकडूनही पुसून घेऊ नये, आणि शक्य असल्यास गाडी बंद पडते त्या क्षणाच्या मीटरचे चित्रण सोबतच्या माणसाला करायला सांगावे. बदललेला सेन्सर ते परत देतात. माझा त्यांनी पिशवीत घालून, वर तापलेल्या आणि थंड अवस्थेतले दोन्ही आकडे लिहून दिला.